जुन्या विनोदपटांवर कात्री

तिकडे महाराष्ट्रात पुन्हा तोच सूर लागलाय: पन्नासच्या दशकातले मराठी विनोदपट फार संथ, त्यांना रंग द्या, कापून अर्ध्या तासाचे करा, तरच नवी मुलं पाहतील. ऐकून चीड येते. राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' (1952) किंवा पु. लं.चा 'गुळाचा गणपती' (1953) यातूनही तगतील. त्यांच्या आगेमागे आलेले, नावंही विसरलेले चित्रपट मात्र या कात्रीखाली संपतील.

संथ वाटतात ते कशामुळे? हे चित्रपट भरल्या थिएटरसाठी बांधलेले. हशाच्या वाक्यानंतर दीड-दोन सेकंद जागा सोडायची, तेवढ्यात समोरच्याचा चेहरा दाखवायचा, कामाचं वाक्य त्यानंतर. मोबाइलवर एकट्याने पाहताना हशा नसतो, नुसती जागा उरते. ती काढली की पुढचं वाक्य मागच्यावर आदळतं आणि दोन्ही वाया जातात.

दुसरा घात चौकटीचा. चित्रण 1.37:1 (रुंदीला उंची) मापाचं. 16:9 पडदा भरायला वरखाली छाटलं की उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. तिघं-चौघं एकाच चौकटीत असतात, आणि बोलणाऱ्यापेक्षा मागून धोतर सावरत सटकणाऱ्याच्या पायांत जास्त गंमत असते. ते पायच जातात. शिवाय सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25च्या वेगाने चालवला की आवाजाची पट्टी चार टक्के चढते, राजा गोसावींचं गडबडणं किरटं होतं. टीव्हीवर 4:3 माप निवडा, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद करा आणि चार माणसं जमवून बघा.

इथे ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू या मोफत टीव्ही सेवेवर टॉकिंग पिक्चर्स ही वाहिनी भर दुपारी कुणाला आठवत नसलेले ब्रिटिश विनोदपट लावतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या गेडन इथल्या कोठारात मूळ फिती उणे 5 अंशांवर, 35 टक्के आर्द्रतेत जपतात. आपल्याकडे 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट (जुन्या, चटकन पेटणाऱ्या) फितींना आग लागली. इथला पैसा वेगळा, हे मान्य. पण चित्रपट न कापता दाखवायला पैसा लागत नाही.

लांब बसून बोलणं सोपं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इथल्या जुन्या विनोदाला हसायचं तर रेशनची कुपनं, पबच्या वेळा, सगळं आधी समजून घ्यावं लागतं, आणि तरी हसू अर्धा क्षण उशिराच येतं. मराठीत ते आपसूक फुटतं. आपण नक्की कुठले, याचं याहून खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

रंग नकोच. पूर्ण लांबीची प्रत मूळ मापात द्या, आणि मराठी उपशीर्षकंही द्या. ध्वनिपट्टी खरखरते, संवाद एकमेकांवर चढतात. इथे वाढणाऱ्या मुलांचं निम्मं तिथेच निसटतं.