पूर्ण पैसे, रिकामं कार्ड

निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलसाठी थर्ड पार्टीचा, म्हणजे निन्टेन्डो सोडून दुसऱ्या कंपनीचा, गेम घ्यायला गेलात तर आधी खोक्याचा तळ बघा. तिथे पांढरी पट्टी आणि तिच्यावर किल्लीचं चित्र दिसलं, की समजा आतल्या कार्डात गेम नाही. 'गेम-की कार्ड' म्हणे! पाच-सहा हजार रुपये मोजायचे, कार्ड कन्सोलमध्ये सारायचं, आणि मग कन्सोल सांगणार की आता अख्खा गेम इंटरनेटवरून उतरवून घ्या. बरं, उतरवल्यावर तरी त्या कार्डापासून सुटका? छे! खेळताना दरवेळी ते आत हवंच. डिजिटल गेम निदान कार्ड न शोधता सुरू होतो, आणि खरं कार्ड निदान नेट नसताना चालू होतं. इथे दोन्हीकडचे तोटे तेवढे नेमके वेचून आपल्या गळ्यात मारलेत. टिफिनचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि डब्यात 'भाजी घरी करून घ्या' अशी चिठ्ठी ठेवायची, तसला प्रकार.

आणि कारण काय, तर गेम मोठा आहे, कार्डात मावत नाही. अरे, स्विच २ चं कार्ड ६४ जीबीचं येतं. सीडी प्रोजेक्टने 'सायबरपंक २०७७' त्याच्या 'फँटम लिबर्टी' विस्तारासकट त्या ६४ जीबीत कोंबून दाखवला, तोही कन्सोल बाजारात आला त्याच दिवशी, ५ जून २०२५ ला. मग इतरांना काय धाड भरली होती? 'ब्रेव्हली डिफॉल्ट' हा मूळचा ३डीएस या निन्टेन्डोच्या जुन्या हातातल्या कन्सोलवरचा गेम, त्याची नवी आवृत्ती अकरा-बारा जीबीची. की कार्डवर! 'पुयो पुयो टेट्रिस २एस', म्हणजे वरून ठोकळे पडतात आणि आपण ते जुळवतो, तो गेम. तोही की कार्डवर! 'स्ट्रीट फायटर ६' पन्नासेक जीबीचा, ६४ मध्ये आरामात बसला असता. त्याचंही तेच. आणि मार्व्हलससारखी त्या मानाने किरकोळ कंपनी 'रून फॅक्टरी' आणि 'डिमन एक्स माकिना' पूर्ण कार्डवर देते. आधीच्या तीन गेमांच्या स्क्वेअर, सेगा, कॅपकॉम या बड्या कंपन्यांना जे परवडत नाही ते मार्व्हलसला परवडतं, हे गणित कोणी तरी समजावून सांगा.

काही ठिकाणी कारण खरं असतं, ते मान्य. 'फायनल फँटसी ७ रिमेक' पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर दोन ब्लू-रे डिस्कवर आला होता, तो ६४ जीबीत मावणार नाही हे उघड आहे. 'स्टार वॉर्स आउटलॉज'चं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, खेळ चालू असताना सतत स्टोरेजमधून डेटा ओढतं. कन्सोलच्या आतलं वेगवान यूएफएस स्टोरेज त्याला पुरतं, कार्डाचा वेग पुरत नाही. हे तांत्रिक कारण झालं, त्याबद्दल कोणी भांडत नाही. पण त्या दोन-चार अवजड गेमांच्या आडोशाला टेट्रिस कसा काय उभा राहतो?

खरं कारण पैशाचं आहे. ब्लू-रे डिस्क छापायला किरकोळ खर्च येतो, कार्डात मात्र मेमरी चिप असते, आणि जितकी जागा जास्त तितकं ते महाग. शिवाय ते निन्टेन्डोकडूनच घ्यावं लागतं. हे दुखणं तीस वर्षं जुनं आहे. निन्टेन्डो ६४ च्या कार्ट्रिजची मजल ६४ एमबीपर्यंत होती, तेव्हा सीडीवर साडेसहाशे एमबी मावत. स्क्वेअरने 'फायनल फँटसी ७' उचलला आणि १९९७ मध्ये तीन सीडींवर प्लेस्टेशनला नेला. तेव्हाही निन्टेन्डो हट्टाला पेटली होती, आताही तिनेच ही की कार्डची पळवाट काढून दिली. स्वतःचे 'मारिओ कार्ट वर्ल्ड' आणि 'डाँकी काँग बनान्झा' मात्र पूर्ण कार्डवर. नाकाने कांदे सोलायला मोकळे.

पहिल्या स्विचवर काही वेगळं नव्हतं, फक्त पट्टीवरचा मजकूर निराळा होता. मे २०२० मध्ये २के या कंपनीने 'बॉर्डरलँड्स'चा तीन गेमांचा संच आणला: ८ जीबीचं कार्ड आणि वर ४२ जीबीचं डाउनलोड. कन्सोलचं स्टोरेज ३२ जीबी, त्यातली सिस्टीमची जागा वजा केली की हाती २६ जीबीसुद्धा उरत नाही. म्हणजे 'कार्डवरचा' गेम विकत घेऊनही वेगळं मायक्रोएसडी घेतल्याशिवाय तो चालणारच नाही! 'एल. ए. नॉयर'ला चौदा जीबीचं डाउनलोड. आणि त्याच यंत्रावर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'विचर ३' दोन्ही विस्तारांसकट ३२ जीबीच्या एका कार्डवर आला होता. 'विचर'वाल्यांनी मोठ्या कार्डाचे पैसे मोजले, २के ने ते गिऱ्हाइकाच्या खिशातून काढले. विषय संपला.

आता हे डाउनलोड आपल्याकडे काय चीज आहे ते बघा. ४० एमबीपीएसची लाइन, तीही पूर्ण वेगाने चालली असं धरलं, तर ६० जीबीला तीन तास वीस मिनिटं. ऐकायला बरं वाटतं. पण फायबर न पोहोचलेल्या तालुक्याच्या गावी मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार असेल, तर रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर पन्नास जीबीचा गेम उतरायला पंचवीस दिवस लागतील, आणि तेवढे दिवस घरात दुसऱ्या कोणी व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओसुद्धा बघायचा नाही. लोडशेडिंग वेगळंच. कन्सोल डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, ठेवून लॅन केबल लावा. स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या आणि स्विच २ च्या डॉकला लॅनचं भोक आहे, पहिल्या स्विचला यूएसबीचा अडॅप्टर लागतो. मग पॉवर पूर्ण बंद न करता स्लीपवर ठेवा, डाउनलोड चालू राहतं. वायफायवर आणि बॅटरीवर भरवसा ठेवाल तर सकाळी उठून बघाल तेव्हा गाडी निम्म्यावर अडकलेली असेल.

जागेचं झेंगट तर विचारूच नका. स्विच २ मध्ये २५६ जीबी आहेत. पन्नास-साठ जीबीचे चार की कार्ड गेम टाकले की संपले. मग मायक्रोएसडी घ्यायचं, पण जुनं चालत नाही! स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. जुन्या कार्डवर वेगाची ए२ आणि यू३ अशी कितीही चिन्हं असोत, त्यातून फक्त जुने फोटो आणि व्हिडिओ कन्सोलमध्ये ओढता येतात. एक्सप्रेस कार्डाच्या मागच्या बाजूला संपर्काच्या पट्ट्यांची दुसरी ओळ असते आणि पुढे 'ईएक्स' असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणेल, त्याला विकायचंय. पहिल्या स्विचसाठी साधं कार्ड घेणार असाल तर फुकटात मिळाल्यासारखं 'एक टीबी' कार्ड घेऊ नका. ३२ जीबीच्या चिपवर खोटी क्षमता लिहिलेला माल बाजारात ढिगाने आहे. घेतल्या घेतल्या संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण कार्ड लिहून-वाचून तपासा, नाहीतर तीस जीबीनंतर गेम 'खराब डेटा' म्हणून बोंबलेल आणि तुम्ही कन्सोलला शिव्या द्याल.

की कार्डपेक्षा वाईट काय, तर खोक्यातला डाउनलोड कोड. अख्खा प्लॅस्टिकचा डबा, चकचकीत कव्हर, आणि आत कागदाच्या चिठोऱ्यावर सोळा अक्षरं. की कार्ड निदान मित्राला देता येतं, सेकंड हँड विकता येतं. आपल्याकडे निम्मी मंडळी जुना गेम विकून नवा घेतात, त्यांचा तोच आधार. कोड एकदा टाकला की तो डबा पेन्सिली ठेवायच्या कामाचा. वर कोड प्रदेशाला बांधलेला असतो. भारतात निन्टेन्डोचं ईशॉप हे ऑनलाइन दुकान नाही, सगळा माल आयात होऊन येतो, त्यामुळे आपण अमेरिकेचं नाहीतर युरोपचं खातं काढतो. युरोपचा कोड अमेरिकेच्या खात्यात चालत नाही. पैसे पाण्यात, आणि परत मागायला जायचं कोणाकडे?

खऱ्या कार्डाला प्रदेशाचं बंधन नसलं तरी डीएलसीला, म्हणजे गेमसाठी वेगळी उतरवून घ्यायच्या जादा भागाला, बहुतेक वेळा असतं. पब्लिशर प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी आवृत्ती नोंदवतात आणि एकीचं डीएलसी दुसरीला ओळखत नाही. खोक्याच्या कोपऱ्यातलं वयाचं रेटिंग बघून प्रदेश ओळखा: ई, टी, एम अशी अक्षरं म्हणजे ईएसआरबी, अमेरिका, ३, ७, १२, १६, १८ असे आकडे म्हणजे पेगी, युरोप, ए, बी, सी, डी, झेड म्हणजे सेरो, जपान. डीएलसी आधीच चुकीच्या दुकानातून घेतलं नसेल तर उपाय सोपा आहे. कार्डाच्या प्रदेशाचं दुसरं खातं फुकट काढा, त्याच कन्सोलवर दुसरा यूझर म्हणून जोडा, आणि डीएलसी त्या खात्यातून त्याच कन्सोलवर घ्या. मग ते तुमच्या नेहमीच्या यूझरलाही चालतं. हे सगळं गिऱ्हाइकाने का शोधायचं? खोक्यावर एक ओळ छापायला काय दुखतं यांना? आणि हो, स्वस्तात मिळतोय म्हणून जपानी स्विच २ घेताय? २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेल्या मॉडेलची सिस्टीम फक्त जपानीत चालते आणि त्याला जपानचंच खातं जोडता येतं. मग तुमच्या अमेरिकेच्या खात्यातले सगळे गेम बसा बघत.

क्लाउड व्हर्जन तर निव्वळ कोडगेपणा. २०२० मध्ये 'कंट्रोल', २०२१ मध्ये 'हिटमॅन ३', आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'किंगडम हार्ट्स'ची अख्खी मालिका. कन्सोलवर येतं फक्त लाँचर; गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुम्हाला त्याचा व्हिडिओ दिसतो. बटण दाबलं की सिग्नल तिथे जाणार, चित्र परत येणार, तोवर राक्षस चावून मोकळा. 'हिटमॅन' आणि 'कंट्रोल'चं एक वेळ समजू. ते त्या यंत्राला झेपले नसते म्हणा. पण पहिला 'किंगडम हार्ट्स' २००२ चा पीएस२ गेम! त्याची एचडी आवृत्ती २०१३ मध्ये पीएस३ वर आली, तिथे मुख्य मेमरी २५६ एमबी. स्विचमध्ये ४ जीबी. सोळापट! आणि स्क्वेअर एनिक्सला तो इथे चालवता येईना? येत होतं, करायचं नव्हतं. पोर्ट करायला, म्हणजे एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर चालता करायला, माणसं लागतात, माणसांना पगार लागतो.

पोर्ट नीट करणं सोपं नसतं, हे खरंच आहे. स्विचच्या चिपमध्ये ए५७ जातीचे चार कोअर १.०२ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यातले तीनच गेमला मिळतात. चित्राची धार कमी करून ग्राफिक्सचं ओझं उतरवता येतं. 'विचर ३' हातात धरून खेळताना ५४० पीच्या आसपास उतरतो आणि छोट्या पडद्यावर खपून जातो. पण गर्दीतल्या पात्रांचं डोकं चालवणं, भौतिकीची आकडेमोड, फाइल उलगडणं, हे काम प्रोसेसरचं. ते रेझोल्यूशन कमी करून हलकं होत नाही. म्हणून पॅनिक बटन या कंपनीने 'डूम' ६० ऐवजी ३० फ्रेमवर आणला आणि प्रत्येक खोली हाताने तासली. तो गेम उत्तम चालतो. ज्यांना ही मेहनत नको असते ते 'आर्क' आणतात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, इतका भुरकट की डायनासोर कुठे आणि झाड कुठे कळेना. चार वर्षांनी तोच गेम नव्याने करून द्यावा लागला. सप्टेंबर २०२३ चा 'मॉर्टल कॉम्बॅट १' मेणाच्या चेहऱ्यांसकट पीएस५ च्याच ७० डॉलरला विकला. किंमत तेवढी पोर्ट करायला विसरले.

आणि ईए! २०१९ पासून 'फिफा २०, २१, २२, २३', चार वर्षं 'लेगसी एडिशन' या गोंडस नावाखाली तोच 'फिफा १९' विकला. नवे गणवेश, नवे संघ, मेनूला नवा रंग. गेमप्लेत काहीही नवं नाही, हे त्यांनी स्वतः छापून सांगितलं होतं, लाजही वाटली नाही. ईएचं फ्रॉस्टबाइट इंजिन स्विचवर चालतच नाही अशी समजूत तोवर पक्की झाली होती. मग फिफाचा पुढचा अवतार 'एफसी २४' त्याच फ्रॉस्टबाइटवर, त्याच जुन्या स्विचवर आला.

यावर या कंपन्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: निन्टेन्डोवर थर्ड पार्टी खपत नाही, लोक फक्त मारिओ आणि झेल्डा घेतात. पहिला स्विच पंधरा कोटींच्या वर खपलाय. २के ने त्यावर डिसेंबर २०१७ मध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूई २के१८' टाकला, रिंगमध्ये चारपेक्षा जास्त पैलवान आले की सिनेमा स्लो मोशनमध्ये जायचा. लोकांनी नाही घेतला. पुढच्या वर्षीचा 'डब्ल्यूडब्ल्यूई २के१९' स्विचवर आलाच नाही. दोष कोणाचा, तर गिऱ्हाइकाचा.