‘रिस्क घेतली की रिटर्न मिळतो’ हे अर्धसत्य आहे

‘सर, रिस्क लोगे तभी तो रिटर्न मिलेगा!’ इंदुरात राहून हे वाक्य फोनवर ऐकलं नाही असा माणूस विरळा. शेअरच्या टिपा विकणाऱ्या कंपन्यांचा इथे वर्षानुवर्षं सुळसुळाट आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने कित्येकांवर कारवाई केली, तरी फोन काही थांबत नाहीत. फोन करणारी मुलं आपल्याच आजूबाजूची, पोटासाठी राबणारी, त्यांच्यावर माझा राग नाही. राग त्या वाक्यावर आहे. त्याला भुलून रामबाग, लोकमान्य नगरातली आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब ठेवलेली माणसं ग्रॅच्युइटीची रक्कम घेऊन ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरतात.

वाक्य साफ खोटं असतं तर सोपं होतं. लांब मुदतीत शेअर बाजाराने एफडीपेक्षा जास्त दिलंय हे खरंच आहे आणि त्यासाठी चढउतार सोसावे लागतात हेही खरं. जानेवारी 2008 मध्ये 21,000 वर गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली आला होता. पण म्हणून शेअरांमध्येही जो जास्त उसळतो तोच जास्त देणार, असं कुठे ठरलंय?

ज्या सिद्धान्ताच्या नावावर हे खपवतात तो अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1964 मध्ये मांडला. बीटा त्यातूनच आला. बाजार 10 टक्के हलला तर 1.5 बीटाचा शेअर साधारण 15 टक्के हलेल, असा तो अंदाज. पण मोबदल्याची अपेक्षा कशाची? फक्त सगळ्या बाजारासोबत येणाऱ्या, टाळताच न येणाऱ्या जोखमीची. सगळे पैसे एकाच शेअरमध्ये ओतून जी जास्तीची जोखीम ओढवून घेतो तिचे वेगळे पैसे बाजार देत नाही, कारण वेगवेगळ्या धंद्यांतले वीसेक शेअर घेतले की ती बरीचशी आपोआप कमी होते. हे त्या फोनवर कोणीच सांगत नाही.

आणि प्रत्यक्ष आकड्यांनी तर या सिद्धान्तालाही पुरती साथ दिली नाही. 1972 मध्ये ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स या संशोधकांना दिसलं की जास्त बीटाचे शेअर सिद्धान्ताच्या हिशेबापेक्षा कमी देतात आणि कमी बीटाचे जास्त. 1992 मध्ये फामा आणि फ्रेंच यांनी अमेरिकी बाजाराची 1963 ते 1990 ची आकडेवारी तपासली. कंपनीचा आकार लक्षात घेतला तर बीटा आणि सरासरी परतावा यांचं नातं जवळजवळ उरतच नव्हतं. याचं एक कारण मला फार पटतं. झटपट मोठं व्हायची घाई असलेले सगळेच उसळत्या शेअरवर तुटून पडतात, भाव आधीच चढतो आणि पुढच्या परताव्याला जागाच राहत नाही.

आता साधा हिशेब करू. एक लाख रुपये. पहिल्या वर्षी 50 टक्के वाढले, दुसऱ्या वर्षी 40 टक्के घटले. सरासरी वर्षाला 5 टक्के नफा, पण हातात उरले 90,000. दुसरीकडे एका वर्षी 10 टक्के, दुसऱ्या वर्षी शून्य. सरासरी तीच 5, हातात 1,10,000. दोन वर्षांचं हे चक्र पाच वेळा फिरवा. दहा वर्षांनी पहिल्याकडे सुमारे 59,000 उरतात, दुसऱ्याकडे 1,61,000 होतात. चढउतार स्वतःच चक्रवाढ खातो, आणि जाहिरातीत सरासरी तेवढी छापतात.

जुलैत मी ओळखीच्या लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो, तेव्हा ब्रोकरची स्टेटमेंट्स बघावी लागतात. एका निवृत्त काकांचं स्टेटमेंट डोळ्यांसमोरून हलत नाही. पानंच्या पानं छोट्या नफ्यांची, आणि मग तीनच ओळी तोट्याच्या, ज्यांनी आधीचं सगळं गिळून मुद्दलालाही हात घातला. यात काका एकटे नाहीत. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. जोखीम तर सगळ्यांनीच घेतली होती ना?

शिवाय बीटा काय किंवा स्टँडर्ड डेव्हिएशन (परतावा सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) काय, दोन्ही निघतात मागच्या भावांवरून. सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली खोटी बँक शिल्लक अशा कुठल्याही आकड्यात दिसली नसती. 7 जानेवारी 2009 ला तिच्या अध्यक्षांचं कबुलीचं पत्र बाहेर आलं आणि एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. म्हणून शेअर घेताना मी आधी कर्ज बघतो, मग रोख खरंच येतेय का ते बघतो, प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) शेअर गहाण टाकलेत का ते बघतो. बीटा त्यानंतर.

पुढच्या वेळी असा फोन आला तर ‘आयएनए’ने सुरू होणारा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर नाव जुळतंय का ते स्वतः तपासा. नफ्याची हमी द्यायला नोंदणीकृत सल्लागारालाही परवानगी नाही. कोणी दिलीच, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करा. घरातल्या ज्येष्ठांना ती भरता येत नसेल तर शेजारी बसून भरून द्या, किंवा मला मेसेज करा, मी येतो.