डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी कोणी लिहावी?

ऑप्टोमेट्रिस्टांना, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या पण डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षितांना, मोजकी औषधे लिहून देण्याचा अधिकार कायद्याने मिळावा, असे माझे मत आहे आणि ते नेत्रतज्ज्ञ मित्रांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. औषधाआधी निदान करावे लागते आणि ते डॉक्टरांचे काम आहे, हा त्यांचा आक्षेप रास्तच आहे. परंतु बेळगाव जिल्ह्याच्या अथणी, चिक्कोडी, खानापूर भागातील खेड्यांत आज डोळ्यांचे औषध प्रत्यक्षात कोण देते, हे पाहिल्याशिवाय त्या आक्षेपाचे वजन ठरवता येणार नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत कोणाच्या तरी डोळ्याला पात लागते, बुबुळावर ओरखडा उठतो, डोळा लाल होऊन गळू लागतो. शहरात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो माणूस गावातल्या मेडिकलमध्ये जाऊन डोळ्याकडे बोट दाखवतो. तेथे मिळणाऱ्या थेंबांत पुष्कळदा प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारे औषध, असते. चिठ्ठीशिवाय विकू नये, असे वेष्टनावर छापलेले असते खरे, पण ते वाचतो कोण? स्टेरॉइडने लाली आणि ठणका उतरतो, औषध लागू पडले असे वाटते आणि पात्याबरोबर आत गेलेली बुरशी त्याच स्टेरॉइडच्या आडोशाने फोफावते. बेळगाव किंवा मिरज गाठेपर्यंत बुबुळावर फूल पडलेले असते.

याच माणसाला चांगल्या ऑप्टोमेट्रिस्टने पाहिले, तर तो फ्लुरेसिन या रंगद्रव्याची नारिंगी कागदी पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवून स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या, निळ्या प्रकाशात बुबुळ तपासेल. सोललेली जागा तेवढी हिरवी चमकते. येथे स्टेरॉइड घालायचे नाही आणि आजच तज्ज्ञाकडे पाठवायचे, हे त्याला कळते. मात्र साध्या डोळे येण्यावरही तो प्रतिजैविक थेंब लिहून देऊ शकत नाही आणि रुग्ण पुन्हा मेडिकलच्याच पायरीवर जातो.

अधिकार सरसकट नको. कृत्रिम अश्रू, ॲलर्जीचे थेंब आणि ठरावीक प्रतिजैविके एवढेच द्यावे. स्टेरॉइड आणि काचबिंदूची औषधे नेत्रतज्ज्ञांकडेच राहावीत, याबाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. शिवाय आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात बसणारा प्रत्येक जण ‘डॉक्टर’ ठरतो. त्यात चार वर्षांची पदवी घेतलेला, दोन वर्षांची पदविका घेतलेला आणि नुसता काचा बसवणारा असे सगळेच येतात. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांच्या पदवीची अट आहे. ती पुरी केलेल्यांनाच आणि त्यावर स्वतंत्र परीक्षा घेऊनच हा अधिकार द्यावा. ब्रिटनमध्ये 2008 पासून ऑप्टोमेट्रिस्ट स्वतंत्रपणे औषधे लिहितात, पण त्यासाठी त्यांना आधी देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून वेगळी पात्रता मिळवावी लागते. आपल्या 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही सामुदायिक आरोग्य प्रदात्याला, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण मर्यादित परवाना मिळालेल्या आरोग्यसेवकाला, मर्यादित औषधे लिहू देण्याची तरतूद आहेच. तेव्हा ही कल्पना कायद्याला अगदीच परकी नाही.

सीमाभागापुरता एक प्रश्न मात्र आधीच सोडवावा लागेल. 2021 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते आणि आपले रुग्ण तर राज्याची हद्द पाहून दवाखाना निवडत नाहीत. कर्नाटकातील निपाणीत लिहिलेली चिठ्ठी महाराष्ट्रातील कागलच्या मेडिकलमध्ये चालेल, असे नियमातच स्पष्ट लिहिलेले असावे.