नोटरीच्या शिक्क्यानं रान नावावर होत नाही, दाजी

'गावाकडं मोकळी जागा घ्यायचीय? वकिलावर पैसे घालवू नका! सातबारा बघा, नोटरी करा, मालक व्हा.' हा मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा सोडून दिला. चौथ्यांदा इचलकरंजीहून दाजींनी पाठवला, खाली लिहिलं होतं, 'पन्हाळ्याकडं 3 गुंठे बघितलेत, रविवारी इसार द्यायचाय.' आता गप्प कसं बसू?

नोटरीचंच आधी. या माणसानं माझ्यासमोर सही केली, एवढंच नोटरी सांगतो. 100 रुपयांच्या वरची जमीन नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकली जात नाही, हा 1882 चा कायदा आहे. साठेखत (पुढं विकण्याचा करार), वटमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्राची चळत रचून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सूरज लँप खटल्यात सांगून टाकलंय. मग खरेदीखतच का नाही? एजंट म्हणाला म्हणे, "रजिस्ट्री सध्या बंद हाय, चालू झाली की करू." अहो, बंद कुठली? शेतातल्या 3 गुंठ्यांची एरवी होतच नाही! जिरायतीला किमान 20 गुंठे लागतात, बागायतीला 10. शहरालगतच्या रहिवासी झोनला 2025 मध्ये सूट मिळाली, तेवढ्यापुरतं मेसेजमधलं 'कायदा बदललाय' खरं. दाजींनी बघितलेल्या उसाच्या रानाला त्याचा उपयोग नाही.

सातबारा बघा म्हणे. बघा की! पण दाजींना आलेल्या फोटोत नेमका 'इतर हक्क' रकाना कुणाच्या तरी अंगठ्याखाली गेलाय. महाभूलेख या सरकारी साइटवर गट नंबर टाकला तर तिथं सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि वर भोगवटादार वर्ग 2. म्हणजे विकायलाच सरकारी परवानगी हवी. आपल्याकडं देवस्थान इनामाची, म्हणजे देवाच्या नावानं दिलेली रानंही गावोगाव आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यालाही ती विकता येत नाहीत.

'शेतकरी दाखला आठ दिवसांत काढून देतो' हा तर उघड फसवणुकीचा धंदा. दाजींच्या घरात माग आहेत, शेत नाही. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, खोट्या दाखल्यावरचा व्यवहार पुढं बेकायदा ठरतो.

'नदीकाठ म्हणजे सोनं' हे उसापुरतं मान्य. घर बांधायचं असेल तर 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळची चिखली-आंबेवाडी कशी पाण्याखाली गेली ते आठवा, आणि पूररेषेचा नकाशा मागा. पाणंद, म्हणजे रानात जायची वाट, कुणाच्या गटातून येते, तेही विचारा.

दाजी, रविवारी पैसे घरीच ठेवा. एजंटाला म्हणावं, पूर्ण उतारा आण, 30 वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, आण. आणि तो अंगठा जरा बाजूला घे.