बाळंतपणातलं इंजेक्शन नाकारण्याआधी

गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दवाखान्यातल्या इंजेक्शनांची बाळंतिणीला रिअ‍ॅक्शन येते, थंडी भरते, खाज सुटते, जीवही जातो. म्हणून एकही इंजेक्शन घेऊ नका. घ्यावंच लागलं तर आधी टेस्ट करून घ्या, मग धोका उरत नाही. यामागची भीती मला समजते. पण हे सल्ले बाईला वाचवत नाहीत, उलट जास्त धोक्यात टाकतात.

‘इंजेक्शनांनी जीव जातो.’ औषधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, होऊ शकते हे खरं. ब्रिटनमध्ये २०१२ ते २०१५ या काळात देशभरातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरोदरपण आणि बाळंतपण धरून तिचं प्रमाण लाखामागे दोनांहून कमी निघालं. आता दुसरी बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने जगात दरवर्षी सुमारे ७० हजार बायका दगावतात. तो टाळायला बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. ‘एकही नको’ म्हणताना हेच पहिलं नाकारलं जातं.

याच औषधाचा गैरवापरही होतो आणि त्याला विरोध केलाच पाहिजे. बाळ व्हायच्या आधी, लवकर उरकावं म्हणून, कोणाची देखरेख नसताना कळा वाढवायला ते टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. घरी कोणी असं इंजेक्शन द्यायला आलं, तर ठाम नकार द्या.

‘थंडी, खाज, उलटी म्हणजे रिअ‍ॅक्शन.’ बहुतेक वेळा नाही. बाळंतपणानंतर हुडहुडी भरणं अगदी नेहमीचं आहे. सिझरसाठी कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो आणि मळमळतं. तो भुलेचाच परिणाम, आणि त्यावर लगेच उपाय करता येतो. भुलेसोबत फेंटानिल किंवा मॉर्फिन हे वेदनाशामक दिलं असेल तर खाज सुटते. मॅग्नेशियम सल्फेट देताना अंग भाजल्यासारखं गरम होतं. घाबरून ते थांबवायला लावणं फार महागात पडतं, कारण रक्तदाब वाढलेल्या बाईला झटके येऊ नयेत म्हणून ते चालू असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, सुमारे दहा हजार बायकांमध्ये, त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, म्हणूनच सिस्टर गुडघ्यावर ठोकून बघतात, लघवी आणि श्वास मोजतात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात. आपल्या बायकांचं वजन कमी, म्हणून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत मांडली. धोका ओळखून औषध नीट देणं म्हणजे हे.

खऱ्या अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, छातीत घरघर होते, घसा आवळतो, बाई एकाएकी गळून जाते. यातलं काही दिसलं तर क्षणभरही थांबू नका, ओरडून सांगा.

‘टेस्ट केली की धोका नाही.’ हा सल्ला सर्वांत फसवा. कातडीखालची टेस्ट ठीक आली तरी पूर्ण डोसला रिअ‍ॅक्शन येऊ शकते. दवाखान्यात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: अ‍ॅड्रेनलिन हाताशी आहे का? अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ते लगेच द्यावं लागतं, पोटात बाळ असलं तरीही. आईचा रक्तदाब कोसळला तर बाळालाही रक्त पोचत नाही.

‘अँटिबायोटिक तरी टाळा.’ त्या ब्रिटिश नोंदींत जवळपास एक तृतीयांश रिअ‍ॅक्शन सिझरच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या होत्या, हे लपवायचं कारण नाही. पण सिझरआधी दिलेला डोस जखमेचा आणि गर्भाशयाचा जंतुसंसर्ग निम्म्याहून अधिक कमी करतो.

आधी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं, दमा आहे, बीपी आहे, हे कळा सुरू व्हायच्या आधीच सांगा. दम्याच्या बाईला कार्बोप्रोस्ट आणि बीपीच्या बाईला मेथर्जिन टाळतात. दोन्ही रक्तस्राव थांबवणारी औषधं आहेत आणि ती घाईत वापरली जातात. त्या घाईत विचारायला वेळ नसतो. माता-बाल संरक्षण कार्डावर औषधाचं नाव आणि तेव्हा नेमकं काय झालं ते लिहून घ्या. नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ पुरत नाही: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या बहुतेकांना तपासणीत ती नसते. आणि रिअ‍ॅक्शन आलीच, तर गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाच्या घरचेही ती कळवू शकतात.