फिलिन यांचं परतणं: एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या बॅलेचे तेव्हाचे प्रमुख सेर्गेई फिलिन २०१३मधल्या ॲसिडहल्ल्यानंतर कामावर परतले, त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. ऐंशीच्या दशकात मॉस्कोत शिकताना बोल्शोईच्या अगदी वरच्या सज्जातून तुम्ही बॅले पाहिलेत, त्यामुळे तुमचा राग परक्याचा नाही, हे मला कळतं. म्हणूनच दोन ओळींत उत्तर देऊन सुटावंसं वाटलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी फिलिन यांना देव्हाऱ्यात बसवलं. ज्या मंडळातले तीनशे लोक आरोपीच्या बाजूने पत्रावर सह्या करतात, तिथला प्रमुख धुतल्या तांदळासारखा असणं शक्य नाही. नजर गेलेल्या माणसाला बॅलेच्या प्रमुखपदी परत बसवणं ही निव्वळ सहानुभूती होती आणि २०१६मध्ये त्यांचा करार न वाढवून थिएटरने ते कबूलच केलं. शिवाय आपल्याकडे ॲसिडने जळलेल्या मुली असताना दूरच्या मॉस्कोतल्या साहेबाचं दुःख कशाला उगाळायचं? आणि शेवटी, 'ते परतले' हे शीर्षक खोटं आहे, ते बदला.

सह्यांच्या पत्रापासूनच सुरुवात करते, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. पत्र खरं आहे. १७ जानेवारी २०१३च्या रात्री फिलिन घरी परतत असताना इमारतीच्या दाराशी चेहरा झाकलेल्या माणसाने त्यांच्या तोंडावर ॲसिड फेकलं. मार्चमध्ये पोलिसांनी तिघांना पकडलं: मंडळातला नर्तक पावेल दिमित्रीचेंको, ॲसिड फेकणारा युरी झारुत्स्की आणि गाडी चालवणारा आंद्रेई लिपातोव्ह. दिमित्रीचेंको साधा समूहनर्तक नव्हता. 'इव्हान द टेरिबल' या बॅलेत खुद्द इव्हानची भूमिका करणारा तो कलावंत. आपल्यासोबत रोज सरावाच्या दांड्याला धरून उभा राहणारा माणूस असं काही करेल, हे सहकाऱ्यांना पटेना. कबुली दबावाखाली घेतली असावी, अशी शंका घेऊन त्यांनी फेरतपासाची मागणी केली. त्यांचा धक्का मला समजतो.

पण त्या सह्यांवरून फिलिन यांच्याबद्दल काय सिद्ध होतं? पुढे न्यायालयात दिमित्रीचेंकोने सांगितलं की फिलिनना मारहाण व्हावी याला त्याची संमती होती, ॲसिडचं त्याला माहीत नव्हतं. म्हणजे ज्याच्यासाठी सह्या झाल्या, त्याचाच दावा इतकाच होता की मी फक्त मार द्यायला हो म्हटलं. ३ डिसेंबर २०१३ला निकाल लागला: झारुत्स्कीला दहा वर्षं, दिमित्रीचेंकोला सहा, लिपातोव्हला चार.

आता फिलिन यांच्या कारभाराबद्दल. भूमिकावाटपात पक्षपात, पैशांच्या वाटपात मनमानी, नर्तकींशी संबंध असे आरोप आरोपीच्या बाजूने खटल्यात झाले. फिलिन यांनी ते नाकारले. त्याच नोव्हेंबरात एका अमेरिकन नर्तकीने बोल्शोई सोडताना भूमिकेसाठी पैसे मागितले गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. तेव्हा तिथे सगळं आलबेल होतं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. २०११च्या मार्चमध्ये याच पदाचे एक दावेदार गेन्नादी यानिन यांना अश्लील छायाचित्रं पसरवून बाजूला केलं गेलं होतं. युरी ग्रिगरोविच यांची तीन दशकांची सत्ता १९९५ला संपल्यापासून ती खुर्ची कुणाला धड लाभली नाही. अलेक्सेई रातमान्स्की यांच्यासारखा नृत्यरचनाकारही २००४ ते २००८ एवढाच टिकला.

या खुर्चीत बसणाऱ्याचं मुख्य काम 'नाही' म्हणणं हेच असतं. मंडळात दोनशेहून अधिक नर्तक आणि 'स्वान लेक'मध्ये एका रात्री ओडेट-ओडील ही मुख्य दुहेरी भूमिका करणारी एकच. दिमित्रीचेंकोची सहचरी अँजेलिना वोरोंत्सोवा हिला ती भूमिका मिळत नव्हती, हे भांडणाच्या मुळाशी होतं, असं तपासात पुढे आलं. तिला ती मिळायला हवी होती का? कदाचित हो. तिचे शिक्षक निकोलाय त्सिस्करीद्झे हे मोठे नर्तक होते आणि प्रशासनाशी त्यांचं उघड वैर होतं. त्या वैराची झळ तिला लागली असेल, हेही शक्य आहे. ती २०१३च्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गच्या मिखाइलोव्स्की थिएटरात गेली. नाकारलेल्या नर्तकीसमोर हा रस्ता होता आणि तिने तो घेतला. मंडळातल्या तक्रारींची चौकशी व्हायला हवी होती, जोरात व्हायला हवी होती. पण फिलिन यांच्या जखमांबद्दल बोलताना त्या तक्रारी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायच्या, हे मला मान्य नाही. 'त्यानेही काहीतरी केलं असेलच' हे वाक्य आपण आपल्या गल्लीतल्या जळालेल्या मुलीबद्दल ऐकलं तर आपल्याला संताप येतो ना? तोच संताप मला इथे येतो.

नजरेच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी सावकाश बोलायला हवं, कारण तो खरोखर अवघड आहे.

फिलिन यांच्या चेहऱ्याला आणि मानेला खोल भाजलं होतं, दोन्ही डोळ्यांना इजा झाली होती. हल्ला झाल्या झाल्या त्यांनी जमिनीवरचा बर्फ तोंडाला चोळला. मॉस्कोतल्या पहिल्या उपचारांनंतर त्यांना जर्मनीत आखेनला नेलं. वीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, डाव्याची बऱ्याच अंशी वाचवता आली. सप्टेंबर २०१३मध्ये नव्या हंगामाच्या सुरुवातीला ते काळा चष्मा लावून मंडळासमोर आले, तेव्हाही उपचार संपलेले नव्हते. मधल्या काळात गालिना स्तेपानेंको यांनी बॅलेचा कारभार सांभाळला होता. जुलैमध्ये महासंचालक अनातोली इक्सानोव्ह यांना हटवून व्लादिमिर उरिन यांना आणलं गेलं होतं. म्हणजे ज्या घरातून फिलिन गेले, ते घर परत येईपर्यंत बदललेलं होतं.

अशा नजरेने बॅले पारखता येतो का? मी कथक शिकले आहे. आमच्याकडे गुरू पाठमोरे बसूनही तत्काराची, म्हणजे पायांच्या ठेक्याची, एखादी निसटलेली मात्रा पकडतात. बॅलेत ती सोय नाही. तिथे पायाच्या चवड्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची रेषा दिसावीच लागते, तिचा आवाज होत नाही. तेव्हा तुमची शंका रास्त आहे.

पण कलादिग्दर्शकाचं काम फक्त रेषा पाहण्याचं नसतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणती बॅले करायची, कुठल्या रचनाकाराला बोलवायचं, कोण कुणाबरोबर नाचेल, कुणाला अजून वर्षभर थांबवायचं, हे ठरवायचं असतं. मानेचा कोन किंवा हाताची उंची दुरुस्त करायला बोल्शोईत तालीम-शिक्षकांची फार मोठी परंपरा आहे. निवृत्त झालेले दिग्गज नर्तक आपापल्या शिष्यांवर तासन्‌तास मेहनत घेतात. तिथे अनेक डोळे कामाला असतात. फिलिन १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्याच मंचावर नाचले, मग २००८ ते २०११ स्तानिस्लाव्स्की थिएटरच्या बॅलेचे प्रमुख होते. इतक्या वर्षांची जाण एका रात्रीत जळून जात नाही.

आणि तुम्ही आलिसिया आलोन्सोंना कसं विसरलात? क्यूबाच्या या नर्तकीचा डोळ्याचा पडदा १९४१मध्ये, ती जेमतेम विशीत असताना, सुटला. शस्त्रक्रियांनंतर महिनोन्‌महिने डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायचं, मान हलवायची नाही, अशी सक्ती. त्या अंथरुणात तिने 'जिझेल' या बॅलेतली अख्खी मुख्य भूमिका हाताच्या बोटांनी पलंगावर नाचून पाठ केली. १९४३मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऐनवेळी आलिसिया मार्कोव्हाच्या जागी ती उभी राहिली आणि पुढे ती भूमिका तिचीच होऊन गेली. मंचावरचे दिवे आणि जोडीदाराचा आवाज यांच्या आधाराने ती दिशा ठरवायची. १९४८मध्ये तिने हवानात मंडळ उभं केलं, तेच पुढे क्यूबाचं राष्ट्रीय बॅले झालं. दृष्टी पुढे जवळपास पूर्ण गेली, तरी २०१९मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत त्या मंडळावर तिचाच शब्द चाले. तिच्यावरही हुकूमशाहीचे आरोप झाले, चांगले नर्तक देश सोडून गेले. ती टीका योग्य होती. पण डोळे नाहीत म्हणून तिला काम येत नाही, असं म्हणता येणार नाही.

फिलिन परतल्यावर काय झालं तेही पाहा. जुलै २०१४मध्ये नृत्यरचनाकार जाँ-क्रिस्तोफ मायो यांनी बोल्शोईसाठी 'द टेमिंग ऑफ द श्रू' रचलं. मायो आपलं माँटे कार्लोचं मंडळ सोडून दुसऱ्यांसाठी सहसा नवीन काम करत नाहीत. त्या बॅलेला पुढच्या वर्षी रशियाचा 'गोल्डन मास्क' हा रंगभूमी पुरस्कार मिळाला. जुलै २०१५मध्ये लेर्मोन्तोव्हच्या कादंबरीवरचं 'अ हीरो ऑफ अवर टाइम' आलं. सहानुभूतीने दिलेल्या खुर्चीत बसून कुणी असले धोके पत्करत नाही.

करार वाढला नाही, हे खरं. तो मार्च २०१६पर्यंतचाच होता. पुढे वाढणार नसल्याचं उरिन यांनी आदल्या जुलैमध्ये जाहीर केलं आणि फिलिन यांच्या जागी माखार वाझिएव्ह आले. पाच वर्षांची मुदत पूर्ण करून माणूस बदलणं ही कुठल्याही थिएटरातली नेहमीची गोष्ट आहे. ज्या खुर्चीवर आधीचे दोघेही पाच वर्षं टिकले नाहीत, तिथे यांनी पुरी मुदत काढली, तीही मध्ये आठ महिने रुग्णालयांत गेलेले असताना. नंतरही ते बोल्शोईतच तरुण रचनाकारांच्या कार्यशाळेचं काम पाहू लागले.

राहिला आपल्याकडच्या मुलींचा प्रश्न. तेच वर्ष २०१३. मे महिन्यात वांद्रे टर्मिनसवर एक तरुणी उतरली. मुंबईत नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला आली होती. फलाटावरच तिच्यावर ॲसिड फेकलं गेलं आणि महिन्याभरात ती गेली. तिला मिळालेली नोकरी शेजारच्या तरुणाला खुपत होती, असं खटल्यात मांडलं गेलं. त्याच वर्षी आपल्या तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत कलम ३२६अ आलं, ॲसिडने इजा करणाऱ्याला किमान दहा वर्षं. मॉस्कोत कटामागच्या माणसाला सहा वर्षं मिळाली आणि मे २०१६मध्ये तो पॅरोलवर बाहेरही आला. ती तरुणी आणि फिलिन, ही दोन माणसं मला एकमेकांच्या वाट्याचं दुःख खाणारी वाटत नाहीत. दोघांवरचा हल्ला त्यांच्या कामावरचा होता. तिला कामाचा पहिला दिवसही मिळाला नाही. फिलिनना आपलं काम परत मिळालं, म्हणून मी त्याबद्दल लिहिलं आणि 'ते परतले' हे शब्द वापरले. ते शीर्षक तसंच राहील.

तुमच्या एका सूचनेवर मात्र मी लिहायला घेतलं आहे: बोल्शोईत मूळ पगार, प्रयोगागणिक मिळणारे पैसे आणि प्रमुखाच्या हातातली अनुदानं यांतून नर्तक कसे परावलंबी होतात, हा विषय. सोव्हिएत काळात ही व्यवस्था कशी होती, नर्तक त्याबद्दल उघड बोलत का, हे तुम्ही तिथे असताना ऐकलं असेल. आठवेल तेवढं कळवा, तुमच्या परवानगीने लेखात घेईन.