टाइमपास करायला आलेल्यांची बाजू

जुलै 2025मध्ये महाराष्ट्रातले 11 किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद काही केल्या मिटत नाही. गडावर नुसतं फिरायला येणाऱ्यांचं काय करायचं? रीलवाले, प्री-वेडिंगवाले, रोपवेने रायगडावर जाऊन लिंबू सरबत पिऊन खाली येणारे. ‘गड म्हणजे पिकनिक स्पॉट नव्हे’ असा मेसेज दिवसाआड पडतो आणि त्यामागोमाग कुणीतरी लिहितं, ‘जर्मनीत खपवून घेतील का असलं? विचारा याला.’ ‘याला’ म्हणजे मला. मी बर्लिनला राहतो.

तर, खपवून घेतात.

ब्रांडेनबुर्ग गेटपासून चालत पाच मिनिटांवर, युरोपात मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. 2005 साली खुलं झालं. कमीजास्त उंचीचे 2,711 काँक्रीटचे ठोकळे, ना दार ना कुंपण. उन्हाळ्यात कडेच्या बुटक्या ठोकळ्यांवर बसून लोक सँडविच खातात, आतल्या अरुंद वाटांमध्ये पोरं लपाछपी खेळतात. साठ लाख माणसांच्या हत्येची आठवण, आणि तिथे कुणाचं तरी योगासन चाललेलं असतं, फोटोसाठी. 2017 साली शाहाक शापिरा या बर्लिनमधल्या इस्रायली कलाकाराला हे असह्य झालं. लोकांनी स्वतःच नेटवर टाकलेल्या अशा 12 सेल्फी त्याने उचलल्या, मागचे ठोकळे पुसून तिथे मृत्युछावण्यांची छायाचित्रं जोडली आणि जगाला दाखवली. गदारोळ झाला. सेल्फीवाल्यांपैकी बहुतेकांनी माफी मागितली, मग त्याने फोटो काढून टाकले. आमच्या ग्रुपला हा माणूस फार आवडेल. पण स्मारकाचा वास्तुकार पीटर आयझेनमन, जो स्वतः ज्यू आहे, त्याला हे सगळं अतिरेकी वाटलं. ही दफनभूमी नाही, लोक इथे बागडणारच, असं त्याचं म्हणणं.

मला आयझेनमन पटतो. कारण तिथे नियम नाहीत असं नाही. ठोकळ्यांवरून उड्या मारायच्या नाहीत, आरडाओरडा नाही, दारू-सिगारेट नाही, कुत्रं आणि सायकल आत आणायची नाही. हसायचं नाही, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. शिवाय ठोकळ्यांच्या खाली, तळघरात, माहिती केंद्र आहे. प्रवेश फुकट. छळाच्या काळात लिहिलेली पत्रं, कुटुंबांच्या कहाण्या. एका अंधाऱ्या खोलीत तर एकेका माणसाचं नाव आणि चार ओळींचं आयुष्य वाचून दाखवतात. सेल्फी काढायला आलेल्यांतले काही जण पाऊस आला म्हणूनही जिना उतरतात. उतरेनात का.

उलट शहराच्या दक्षिणेला, व्युन्सडॉर्फजवळच्या जंगलात त्सेरेन्सडॉर्फचं भारतीय कब्रस्तान आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या हिंदी सैनिकांची छावणी तिथे जवळच होती; त्यांतल्या 206 जणांची स्मृती तिथे जपली आहे. गवत कापलेलं, सगळं टापटीप. मी गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पावित्र्यभंग करायला कुणी येतच नाही म्हटल्यावर पावित्र्य शाबूत राहणारच. माझ्या ओळखीच्या इथल्या मराठी मंडळींत विचारलं, तर कुणी या जागेचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या वादात दोन माणसांची गल्लत होते. बुरुजावर खिळ्याने बदाम आणि नावं कोरणारा, आणि त्याच बुरुजासमोर तोंडाचा चंबू करून फोटो काढणारी. पहिल्यासाठी कायदा आहे: संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. दुसरीने कुठला दगड हलवला? पण व्हिडिओ फिरतो तो तिचाच, कपड्यांवरच्या शेऱ्यांसकट. 2019 साली काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने द्यायची टूम निघाली तेव्हा लोक भडकले, ते योग्यच होतं. तिथे किल्लाच पणाला लागला होता. फोटोवालीवरचा हा राग त्या जातीचा नाही.

समाधीची गोष्ट वेगळी, हे मान्य. आयझेनमनचा मुद्दाही तिथे लागू होत नाही. बर्लिनच्याच ट्रेप्टो पार्कात सात हजारांहून जास्त सोव्हिएत सैनिक पुरले आहेत. त्या आवारात लोक आपसूक हळू बोलतात आणि बाहेर नदीकाठच्या हिरवळीवर खुशाल चटया अंथरतात. रायगडावर महाराजांच्या समाधीपाशी दंगा नकोच. पण त्याच गडावर बाजारपेठ आहे, होळीचा माळ आहे. बाजारपेठेत शांतता पाळा म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

रोपवेने आलेल्या माणसाकडे जेमतेम तास-दोन तास असतात. तेवढ्यात त्याला काय कळावं, कुणी सांगावं, उन्हात उभं करून की सावलीत, यावर ग्रुपने एकदा कडकडून भांडावं. चांगल्या गाइडचा पगार काढायचा असेल तर वर्गणीत माझं नाव लिहा. कपडे तपासायला पथक नेमणार असाल तर मी ग्रुप म्यूट करतोय.